मशिदीत लहान लेकरं: जमातीच्या (एकत्र पढायच्या) नमाजबद्दल पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

लातूरच्या एका मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शाळेत) मी मुलांना नूरानी कायदा, म्हणजे कुरआन वाचायला शिकवणारं पहिलं पुस्तक, शिकवतो. पालकांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मराठवाड्यातल्या बहुतेक मशिदी हनफी मसलकच्या (धर्मनियमांच्या परंपरेच्या) आहेत, त्यामुळे मसले (नियम) त्याच अंगाने दिलेत. फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. फतवा हवा असेल तर आपल्या इमामसाहेबांना किंवा मुफ्तींना विचारा.

लेकराला कितव्या वर्षापासून मशिदीत न्यावं?

सात वर्षं हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाजला सांगा, अशी हदीस (प्रेषितांचं वचन) अबू दाऊदच्या संग्रहात आहे. हे वय सांगायला लागण्याचं आहे. त्याआधी लेकराने मशिदीचा उंबरा ओलांडू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही. फिकहचे (धर्मनियमांच्या शास्त्राचे) जाणकार वयापेक्षा 'तमीज' बघतात, म्हणजे लेकराला आपण कुठे आलोय आणि काय चाललंय याची समज आली का. माझ्या अंदाजाने तीन गोष्टी तपासाव्यात: सांगितलेलं ऐकतं का, लघवी लागली की सांगतं का, आणि आठ-दहा मिनिटं बापाच्या शेजारी टिकतं का. कुणाला हे चौथ्या वर्षी जमतं, कुणाला सहाव्या. शेजारच्याचं पोर येतं म्हणून आपलंही आलंच पाहिजे, असं काही नाही.

सुरुवात जुम्म्याने (शुक्रवारच्या नमाजने) मात्र करू नका. बरेच जण नेमकं तेच करतात, कारण त्या दिवशी नवे कपडे असतात आणि बापाने सुट्टी घेतलेली असते. गर्दी, लांब बयान, चपलांचा ढीग, वर ऊन. लेकरू कंटाळतं आणि कुणीतरी खेकसतं. त्यापेक्षा आठवड्यातल्या साध्या दिवशीची मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) घ्या. फर्जच्या (सक्तीच्या) तीनच रकाती (नमाजच्या फेऱ्या), आणि पहिल्या दोनमध्ये इमाम मोठ्याने पढतात. मकतबमध्ये घोकलेली 'कुल हुवल्लाहु' इमामसाहेबांच्या तोंडून ऐकली की पोरांचे डोळे कसे चमकतात ते बघण्यासारखं असतं. असरला (दुपारनंतरच्या नमाजला) गर्दी कमी असते, पण किरअत (कुरआनचं पठण) मनातल्या मनात होत असल्याने लेकराला धरून ठेवायला काही नसतं. इशा (रात्रीची) आणि फजर (पहाटेची) पुढची गोष्ट. हिवाळ्यात पाच वर्षांच्या पोराला फजरला उठवून नेण्यात कसली मर्दुमकी?

आधी घरात मात्र महिनाभर सोबत उभं करा. रुकू (वाकणं), सजदा (कपाळ टेकणं), सलाम ही क्रमवारी अंगात बसली की मशिदीत ते गोंधळत नाही.

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळात मशिदीत लहान मुलं यायची का?

यायची, आणि आपल्याकडे चालतं त्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत अबू कतादांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हकीकत) आहे. प्रेषितांची (स.) नात उमामा, म्हणजे मोठी मुलगी जैनब यांची लेक, नमाजमध्ये त्यांच्या खांद्यावर होती. सजद्याला जाताना ते तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. मुस्लिमच्या रिवायतीत स्पष्ट आहे की त्या वेळी ते लोकांची इमामत करत होते. म्हणजे मागे सफा (नमाजच्या ओळी) लागलेल्या, आणि इमामाच्या खांद्यावर पोरगी.

दुसरा प्रसंग नसाईच्या संग्रहात आहे. प्रेषितांनी (स.) एक सजदा इतका लांबवला की सहाबांना (प्रेषितांच्या सोबत्यांना) वाटलं काहीतरी बरंवाईट झालं, किंवा वही (अल्लाहचा संदेश) उतरतेय. नमाजनंतर कळलं की हसन किंवा हुसैन यांच्यापैकी एक नातू पाठीवर चढून बसला होता, आणि त्याची हौस फिटण्याआधी त्याला उतरवणं आजोबांना बरं वाटलं नव्हतं. तिसरा प्रसंग खुतब्याचा (प्रवचनाचा). हसन आणि हुसैन लाल सदरे घालून अडखळत, पडत-उठत येताना दिसले, तेव्हा प्रेषित (स.) बोलणं थांबवून मिंबरवरून (प्रवचनाच्या पायऱ्यांवरून) उतरले, दोघांना उचलून आणलं आणि समोर बसवलं.

वयाचा हिशेब करून बघा. हसन यांचा जन्म हिजरी ३ चा, हुसैन यांचा ४ चा, आणि प्रेषितांचं (स.) निधन हिजरी ११ मध्ये झालं. म्हणजे मोठा नातूसुद्धा शेवटी जेमतेम आठ वर्षांचा. हे प्रसंग त्याआधीचे, 'सात वर्षांच्या' आतलेच असणार.

आणखी एक गोष्ट बुखारीत येते. एकदा इशाला फार उशीर झाला, तेव्हा हजरत उमर यांनी हाक दिली की बायका आणि मुलं झोपून गेली. रात्रीच्या नमाजलाही लेकरं तिथे होती, हे त्यातून आपोआप कळतं.

'मुलांना मशिदीपासून दूर ठेवा' अशी हदीस आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग सांगतात. ती खरी आहे का?

तसा मजकूर इब्ने माजाच्या संग्रहात आहे. पण हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) 'जईफ', म्हणजे कमकुवत ठरवली आहे. वर सांगितलेल्या उमामाच्या मजबूत रिवायतीसमोर तिचा आधार टिकत नाही. फुकहांनी (फिकहच्या जाणकारांनी) ती घेतली तेव्हाही रोख बेसमज आणि मशीद घाण करतील अशा मुलांवर ठेवला. बुजुर्गांशी वाद घालू नका. इमामसाहेबांना एखाद्या जुम्म्याच्या बयानात हा विषय घ्यायला सांगा. एका घरच्या बापाने सांगितलं तर 'आपल्या पोराची बाजू घेतो' असं होतं, मिंबरवरून आलं की तेच सगळ्यांचं होतं.

लेकराने कोणत्या सफेत उभं राहावं?

सगळ्यात जास्त कुरबुर याच प्रश्नावर होते, म्हणून जरा सविस्तर.

हनफी फिकहमधली मूळ मांडणी अशी: पुढे मोठी माणसं, त्यांच्या मागे मुलं, त्यांच्या मागे बायका. एकच मुलगा असेल तर त्याला एकटं मागे टाकायचं नाही, तो मोठ्यांच्याच सफेत उभा राहतो. आधार सहाबी अनस यांच्या हदीसचा आहे: ते स्वतः आणि एक यतीम (अनाथ) मुलगा मिळून प्रेषितांच्या (स.) मागे एका सफेत उभे राहिले, आणि वृद्ध आजी त्यांच्या मागे. इमामासोबत एकटाच मुलगा असेल तर तो उजव्या बाजूला उभा राहील. लहानग्या इब्ने अब्बास यांना प्रेषितांनी (स.) डावीकडून धरून उजवीकडे आणलं होतं.

आता कागदावरची मांडणी आणि प्रत्यक्षात काय होतं ते. दहा-बारा पोरं एकत्र मागच्या सफेत उभी केली की पहिल्या रकातीतच कोपर मारामारी, दुसरीत खुसखुस, आणि कुणीतरी 'आमीन' इतक्या जोरात ओढतं की पुढच्या सफेतल्या मोठ्यांनाही हसू आवरत नाही. म्हणूनच अलीकडच्या बऱ्याच हनफी उलेमांनी सांगितलंय की दंगा होण्याची भीती असेल तर मुलांना मोठ्यांच्या सफांत विखरून उभं करा, त्याने मोठ्यांच्या नमाजला काही बाधा येत नाही. माझंही मत तेच. पोराची जागा बापाच्या बाजूला. बापाने पहिली सफ गाठायची आणि पोरगं मागे सोडून द्यायचं, ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे. दंगा झाला की ओरडा पोरांना बसतो, पुढे निवांत उभ्या राहिलेल्या बापांना कुणी काही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मस्लकमध्ये शोभत नाही: लवकर येऊन जागा धरलेल्या दहा वर्षांच्या पोराला इकामत (जमात सुरू होतानाची पुकार) चालू असताना दंड धरून मागे ढकलणं. शाफई या दुसऱ्या मसलकचे उलेमा तर आधी आलेल्या मुलाला त्याच्या जागेवरून उठवू नये असंच सांगतात. आपल्या भागातली चाऊस मंडळी मूळची हद्रमौतची, त्यांच्यात शाफई परंपरा आहे. परभणी-नांदेडकडे त्यांच्या सफेत वेगळी रीत दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

लेकरू मध्येच सफेतून निघून गेलं, तर रिकाम्या जागेचं काय?

शेजारच्याने एक पाऊल सरकून जागा भरावी. नमाज होते.

नमाज पढणाऱ्याच्या समोरून लेकरू पळत गेलं तर नमाज तुटते का?

तुटत नाही. जाणूनबुजून समोरून जाण्याचा गुन्हा समजत्या माणसाला लागतो. जमातीत तर इमामाचा सुतरा (समोर ठेवलेला आडोसा) सगळ्यांसाठी पुरतो.

नमाज चालू असताना लेकरू रडायला लागलं किंवा धडपडलं तर काय करावं?

नुसतं रडत असेल तर नमाज पुरी करा. एका हाताने जवळ ओढणं, पाठीवर हात ठेवणं, एवढ्या हालचालीने काही बिघडत नाही. दोन्ही हातांनी सारखी ओढाताण चालू ठेवली, बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस नमाजमध्येच नाही, तर ते 'अमले कसीर' झालं आणि नमाज गेली.

जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. लेकरू हौदाकडे निघालं, जिन्यावर चढलं, गेट उघडं राहून रस्त्यावर गेलं, तर नमाज तोडणं नुसतं चालतं असं नव्हे, तोडणं वाजिब (बंधनकारक) आहे. पकडून आणा, मग पुन्हा नियत बांधा. आपल्याकडच्या जुन्या मशिदींच्या अंगणात खोल हौद असतात, आणि हौदातले मासे बघायला पोरं हटकून वाकतात. कमिटीने जाळी बसवली नसेल तर पुढच्या बैठकीत हा विषय काढाच. रंगरंगोटीला चंदा जमतो, तर जाळीला का जमू नये?

इमामांसाठीही यात एक सुन्नत आहे. प्रेषित (स.) लांब नमाज पढवण्याच्या इराद्याने उभे राहत आणि मुलाचं रडणं कानावर आलं की आटोपती घेत, कारण त्या रडण्याने आईच्या जिवाची काय घालमेल होते ते त्यांना ठाऊक होतं. 'कौसर' ही सूरा तीनच आयतींची आहे. तिनेही रकात पुरी होते.

डायपर घातलेलं बाळ नेता येतं का? मशिदीत लघवी झाली तर?

डायपर घातलेलं बाळ कोरडं असेल तर नेऊ शकता. ओलं असेल आणि तुम्ही त्याला कडेवर घेऊन नमाज पढलात, तर हनफी मसल्यानुसार ती घाण तुम्हीच अंगावर वागवताय, नमाज धोक्यात येते. जे मूल स्वतःचा तोल सांभाळून येऊन मांडीवर बसतं, त्याचा हिशेब वेगळा धरतात. पण एवढ्या बारकाव्यात शिरण्यापेक्षा घरून निघताना डायपर बदला, विषय संपला.

आणि झालीच चटईवर लघवी तर आकांत करू नका. एका बद्दूने (वाळवंटातल्या भटक्या अरबाने), तोही अंगापिंडाने पूर्ण वाढलेला माणूस, मशीदे नबवीत (प्रेषितांच्या मशिदीत) लघवी केली होती. लोक धावले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आवरलं आणि वरून बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. फरशी असेल तर पाणी ओतून पुसून घ्या. चटई, सतरंजी असेल तर तीनदा धुवा, दर वेळी पाणी निथळू द्या. हे काम लेकराच्या बापाने करायचं, मुअज्जिनसाहेबांवर टाकायचं नाही. ते बिचारे संकोचाने काही बोलत नाहीत.

वजू (नमाजआधीचं हातपाय धुणं) करताना पोरं नळ सोडून खेळतात. कसं शिकवावं?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे आपलं लातूर. घागरीसाठी रात्र जागवलेल्या लोकांच्या मशिदीत नळ धो धो सुटलेला बघवत नाही.

हदीसमध्ये येतं की प्रेषित (स.) एका 'मुद्द' पाण्यात वजू करत. आजच्या मापाने ते लिटरभरही नाही, साधारण पाऊण लिटरच्या आत. मकतबमध्ये मी पोरांना नळाजवळ नेतच नाही, प्रत्येकाला एक तांब्या देतो. तेवढ्यात हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं) आणि पाय, सगळं आटोपायचं. पहिल्या दिवशी निम्म्या पोरांचं पाणी चेहऱ्यापाशीच संपतं. मग चुरस लागते, आणि तांब्यात घोटभर उरवून दाखवणारी पोरं निघतात. सहा वर्षांच्या लेकराचा वजू कच्चा राहिला तरी त्याला परत पाठवू नका. नमाज त्याच्यावर अजून फर्ज झालेलीच नाही.

जुम्म्याला खुतबा चालू असताना पोरं बोलतात, त्यांना गप्प करावं का?

बोलून नाही. खुतबा चालू असताना शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणणंसुद्धा 'लग्व', म्हणजे वायफळ ठरतं, अशी बुखारी-मुस्लिमची हदीस आहे. गंमत अशी की पोरं हळू कुजबुजत असतात आणि त्यांना दटावणाऱ्या चच्चांचा आवाज अख्ख्या मशिदीत घुमतो. खुणेने सांगा, हात धरून शेजारी बसवा. जुम्मा लहान मुलांवर फर्ज नाही, त्यामुळे ज्याला अर्धा तास बसवत नाही त्याला अजून वर्षभर घरी ठेवलं तरी कसला गुन्हा नाही.

तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजला) न्यावं का? वीस रकाती झेपतील का?

झेपतील तेवढ्या. चार पढून मागे बसलं तरी हरकत नाही, झोपलं तर झोपू द्या. रमजानच्या रात्रींचं आकर्षण पोरांना वेगळंच असतं: उशिरापर्यंत जागायला मिळतं, दोस्त भेटतात, बाहेर गाडे लागलेले असतात. त्यातली निम्मी पोरं रुकूच्या वेळी पळत येऊन सामील होतात आणि सलाम फिरला की पुन्हा बाहेर. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, पण आवाज आत येत असेल तर बाहेर एक जाणता माणूस उभा करा. कमिटीने तरुण पोरांत पाळ्या लावून दिल्या तर कुणाचीच तरावीह बुडत नाही.

आमचा हाफिज झालेला बारा वर्षांचा मुलगा तरावीह पढवू शकतो का, हेही नेहमी विचारतात. हनफी मसलकचं पसंतीचं मत असं की नाबालिग (वयात न आलेला) मुलगा मोठ्यांची इमामत करू शकत नाही, तरावीहमध्येही नाही. इमामाच्या मागे उभं राहून तो कुरआन ऐकू शकतो, चुकलं तर लुकमा देऊ शकतो (आठवण करून देऊ शकतो), आणि आपल्याच वयाच्या पोरांची जमात पढवू शकतो. शाफईंकडे परवानगी आहे. अमर बिन सलमा सहा-सात वर्षांचे असताना आपल्या कबिल्याची इमामत करत, ही बुखारीची रिवायत ते पुढे करतात.

ईदगाहवर नेताना काय काळजी घ्यावी?

न्याच. नवा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया आणि बापाच्या खांद्यावरून दिसणारं ईदगाह, हे कुठल्याही लेकराकडून हिरावून घेऊ नये. घरी शीरखुर्मा आणि ईदी वाट बघतच असते.

काळजी उन्हाची घ्या. २०२३ आणि २०२४ ची रमजान ईद एप्रिलमध्ये आली होती. मराठवाड्यात त्या दिवसांत सकाळी नऊलाच मैदान तापतं, आणि ईदगाहवर मांडव असतोच असं नाही. पाण्याची बाटली, टोपी, खाली जाड चादर घ्या. पोराच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि हरवलं तर भेटायची जागा आधीच दाखवून ठेवा. ईदच्या नमाजला अजान-इकामत नसते आणि हनफी पद्धतीत सहा तकबीर जास्तीच्या असतात. पोरं तिथे रुकूला जाऊन मोकळी होतात. घरी एकदा सराव करून घ्या. मोठ्यांपैकी अर्ध्यांनाही त्याची गरज असते, ते सोडा.

मुलींना नेता येतं का?

हो. वर ज्या उमामाचा किस्सा सांगितला ती मुलगीच होती, हे लोक सोयीने विसरतात. लहान मुलगी बापासोबत आली तर तिला कुणी अडवायचं कारण नाही. मोठ्या मुली आणि बायकांसाठी आपल्याकडे फार थोड्या मशिदींत वेगळी जागा आहे, त्यामुळे बहुतेक घरांत त्या घरीच पढतात. तिथे घरची जमात हा चांगला मार्ग आहे: अब्बा पुढे, मुलगा त्यांच्या उजव्या बाजूला, अम्मी आणि मुली मागे.

ऊसतोडीला गेलो की सहा महिने मशीद दिसत नाही. लेकरांची सवय मोडते, काय करावं?

बीड-धारूरकडचे पालक हे विचारतात. 'माझ्यासाठी सगळी जमीन मशीद करण्यात आली' ही हदीस अशाच ठिकाणासाठी आहे. कोपीसमोरची जागा झाडून घ्या आणि बापलेक उभे राहा. इमाम आणि एक समजता मुलगा एवढ्यावर जमात होते, जुम्मा सोडून. फडावर पहाटे काम लागतं हे खरं, पण मगरिब तरी सोबत होऊ शकते. अजान मुलाला द्यायला लावा. मोकळ्या रानात आवाज काढायला त्याला फार आवडेल.

दहा वर्षांचा झाला तरी येत नाही. हदीसमध्ये मारायला सांगितलंय ना?

हदीसचा हा भाग सगळ्यांना लक्षात असतो, आणि तोही अर्धाच. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं. दिवसाला पाच नमाज धरल्या तर पाच हजारांहून जास्त वेळा प्रेमाने सांगायचं झालं. ते ज्याने केलंय त्यानेच पुढचं बोलावं. फुकहांनीही काठी, चेहऱ्यावर मार, व्रण उठेल असा मार, हे सगळं मना केलंय. आणि इतक्या वेळा सोबत नेलेलं पोर दहाव्या वर्षी एकाएकी येईनासं झालं, तर आधी मशिदीत त्याला कोण काय बोललं ते विचारा. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सापडतं.

एखाद्याने आपल्या लेकराला सगळ्यांसमोर झापलं तर?

तिथे भांडू नका. लेकराचा हात धरा, नमाज पुरी करा, मग त्या बुजुर्गांना सलाम करून लेकराची ओळख करून द्या: 'चच्चा, हा माझा मुलगा, आजच आलाय, याच्यासाठी दुआ करा.' नाव कळलेल्या पोरावर पुन्हा ओरडणं माणसाला जड जातं. पुढच्या वेळी तेच चच्चा खिशातून खजूर काढून देतात, असं मी पाहिलंय.

स्वमग्न किंवा मतिमंद मुलाला आणावं का?

समज नसेल तर त्याच्यावर नमाज फर्ज नाही, पण मशीद त्यालाही आहे. लाऊडस्पीकरच्या आवाजाने काही मुलं बिथरतात, म्हणून स्पीकरपासून लांब, सफेच्या टोकाला, दाराजवळ उभं करा. आसपासच्या दोघा-चौघांना आधी सांगून ठेवा.

माझ्या मुलाचा हिंदू मित्र सोबत यायचं म्हणतो. चालेल का?

हनफी मसल्याप्रमाणे गैरमुस्लिम मशिदीत येऊ शकतात. पोरं जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत शिकतात, एकाच मैदानात क्रिकेट खेळतात, कुतूहल वाटणारच. मात्र त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय नेऊ नका. मुलाने 'घरी चालतं' म्हटलं तरी तुम्ही स्वतः बोला. नमाजच्या वेळी त्याला मागे भिंतीशी बसवा, सफेत उभं राहायचा आग्रह करू नका, आणि नमाज झाली की त्याला त्याच्या दारापर्यंत तुम्हीच सोडा.